फोटोडायनॅमिक उपचारानंतर घरात उजेड कसा सांभाळावा

पित्तनलिकेच्या कर्करोगावर फोटोडायनॅमिक, म्हणजे औषध प्रकाशाने कार्यान्वित करण्याचा, उपचार घेऊन रुग्ण इंदूरच्या घरी परतण्यापूर्वीच त्याच्या खोलीला जाड पडदे लावावेत; कारण शिरेतून दिलेले पोर्फिमर सोडियम हे प्रकाशसंवेदी औषध, जे सुमारे 48 तासांनी 630 नॅनोमीटरच्या लाल लेसरने कार्यान्वित केले जाते, ते त्वचेत 4 ते 6 आठवडे टिकते. सनस्क्रीनवर मुळीच विसंबू नये, दृश्य प्रकाशही त्वचा भाजतो. रामबागेतून राजवाड्यापर्यंत जायचे असले तरी पूर्ण बाह्यांचे कपडे, हातमोजे, टोपी व गडद चष्मा हवाच. मात्र खोलीत मिट्ट काळोखही करू नये, हे घरच्यांना पुनःपुन्हा सांगावे लागते. साध्या, सौम्य उजेडानेच त्वचेतले औषध हळूहळू निष्क्रिय होते. थंडी वाजून ताप आला किंवा कावीळ वाढली, तर पित्ताच्या निचऱ्यासाठी बसवलेला स्टेंट (बारीक नळी) तुंबल्याची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.