जुने चिनी चांदीचे डॉलर घेताना या चुका टाळा

चिनी प्रजासत्ताकाचा अध्यक्ष युआन शिकाई याचा चेहरा असलेला चांदीचा डॉलर कोट्यवधींच्या संख्येने पाडला गेला. त्यामुळे ‘शंभर वर्षांचं आहे म्हणजे दुर्मिळच’ हा हिशेब चिनी नाण्यांना लागू पडत नाही. नाणं कोणत्या सालचं, कोणत्या ठशाचं आणि किती झिजलेलं, यावर त्याचं मोल ठरतं. पुष्कळदा नुकसान या तिन्हींपैकी एक न तपासल्यामुळे होतं.

साल उलटं वाचणं

युआन शिकाईच्या चेहऱ्याच्या वरची अक्षरं उजवीकडून डावीकडे वाचायची असतात. साल प्रजासत्ताकाचं असतं, त्यात १९११ मिळवले की इसवी सन मिळतं. चिनी येत नसलं तरी अक्षरं मोजा. सहा असतील तर ते तिसरं वर्ष, म्हणजे १९१४. डावीकडून दुसऱ्या अक्षरात तीन आडव्या रेषा दिसतील. अक्षरं सात असतील तर नाणं १९१९, १९२० किंवा १९२१ चं असतं. तेव्हा डावीकडून तिसरं अक्षर पाहा: दोन तिरक्या फाकलेल्या रेषा म्हणजे आठ, अधिकचिन्हासारखी खूण म्हणजे दहा, आणि या दोन्हींत न बसणारं, वळणाचं अक्षर म्हणजे नऊ. सात अक्षरांचं नाणं कोणी ‘१९१४ चं’ म्हणून विकत असेल तर त्याला नाणं कळत नाही, किंवा नाणंच खोटं आहे.

शिवाय नाण्यावरचं साल म्हणजे ते पाडल्याचं साल असेलच असं नाही. तिसऱ्या वर्षाचा ठसा पुढेही वापरात राहिला. तिबेटमध्ये चालवण्यासाठी ही नाणी १९५० च्या दशकातही पाडली गेली.

बारीक खूण न पाहता भाव ठरवणं

चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत्-सेन यांच्या स्मरण-डॉलरवर तारे मोजा. पाच टोकांचे तारे १९१२ च्या नाण्यावर असतात, सहा टोकांचे १९२७ च्या. दुसरा प्रकार मुबलक सापडतो, पण विकणारे त्यालाही सर्रास १९१२ चं म्हणतात.

शिडाच्या जहाजाच्या डॉलरमध्ये एकविसाव्या वर्षाचं, म्हणजे १९३२ चं नाणं खास आहे. त्यावर जहाजाच्या वर तीन पक्षी आणि बाजूला उगवता सूर्य आहे. त्यात जपानी विमानं आणि जपानचा सूर्य दिसतो अशी टीका झाली आणि ते मागे घेतलं गेलं. १९३३ आणि १९३४ च्या नाण्यांवर पक्षी आणि सूर्य नाहीत. १९३४ चा ठसा तर अमेरिकेच्या टांकसाळींनी १९४९ मध्ये पुन्हा वापरला. म्हणून १९३४ साल दिसलं की हात सैल सोडू नका.

युआन शिकाईच्या चेहऱ्याजवळ कोरीवकार लुईजी जॉर्जी यांची सही असेल तर तो नमुन्याचा, म्हणजे चलनाआधी चाचणीसाठी पाडलेला डॉलर. तो अतिशय महाग, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही भरपूर. तज्ज्ञ तपासणीशिवाय असं नाणं घेऊच नका.

फक्त वजनावर विश्वास ठेवणं

१९१४ च्या डॉलरमध्ये चांदी ८९ टक्के, वजन २६.७ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जुन्या, ११.६६ ग्रॅमच्या तोळ्याने सव्वादोन तोळ्यांहून किंचित जास्त. व्यास ३९ मिलिमीटरच्या जवळपास. जहाजाचा डॉलर २६.६९७ ग्रॅमचा, ८८ टक्के चांदीचा. नकली नाण्याचं वजन जुळवणं कठीण नाही, ते थोडं जाड केलं की भागतं. घनता मात्र सहज जुळत नाही.

०.०१ ग्रॅम मोजणारा काटा घ्या. आधी कोरडं नाणं तोला. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा काठाला लागता कामा नये, अंगाला बुडबुडे चिकटलेले नसावेत. काट्यावर जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा. खऱ्या २६.७ ग्रॅमच्या नाण्याला काटा २.५९ च्या आसपास दाखवतो, घनता १०.३ येते. तांबं-निकेलच्या नकलेला तो ३.०० च्या जवळ जातो, घनता ८.९ येते. लोहचुंबक वापरा, पण त्याला चिकटलं नाही एवढ्यावरून नाणं खरं मानू नका. तांबं आणि पितळही चिकटत नाही.

चांगल्या चांदीत पाडलेली नक्कल घनतेच्या कसोटीतूनही निसटते. तिथे दहापट भिंग लागतं. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा गोलसर, साबणासारख्या दिसतात, सपाट भागावर सूक्ष्म फुगे किंवा खड्डे असतात, दातेरी कडेवर जोडाची रेघ सापडते. एकाच विक्रेत्याच्या दोन नाण्यांवर अगदी त्याच जागी तोच ओरखडा असेल तर दोन्ही एकाच साच्यातली.

घासून चमकवणं

याहून मोठी चूक नाही, कारण ती परत फिरवता येत नाही. चिंच, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा यांनी काळपटपणा जातो, पण वरचा थर खरवडून केसासारख्या रेषा उरतात. ग्रेडिंग संस्था (नाणं तपासून, त्याची प्रत ठरवून ते डबीत सीलबंद करणाऱ्या) असं नाणं ‘साफ केलेलं’ म्हणून वेगळं काढतात आणि भाव कोसळतो. मऊ प्लास्टिकच्या पाकिटाने हिरवट चिकट थर आला असेल तर ते शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवून, न घासता सुकू द्या. खिडक्या-दारं उघडी ठेवा, जवळ आग नको. पुढे पीव्हीसी नसलेल्या पाकिटातच ठेवा.

व्यापाऱ्यांनी उमटवलेले ठसे मात्र घाण समजू नका. चीनमध्ये सराफ चांदी पारखून आपली खूण ठोकत असत. भाव कमी होतो, पण ती इतिहासाचीच खूण आहे.

मागितलेली किंमत हाच भाव समजणं

आधी तळाचा भाव काढा: २६.७ ला ०.८९ ने गुणलं की सुमारे २३.८ ग्रॅम शुद्ध चांदी. त्याला आजच्या चांदीच्या भावाने गुणा. त्याच्या वरचा भाग संग्राहकांचा. तो ठरवताना लिलावात खरोखर विकल्याच्या किमतीच पाहा. त्याच प्रकारच्या, त्याच ग्रेडच्या, आणि खरेदीदाराचं शुल्क धरून. वाय-३२९ (Y-329) असा नाण्यांच्या सूचीतला प्रकार-क्रमांक जुळल्याशिवाय तुलना करू नका. सीलबंद डबीवरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथला फोटो याच नाण्याचा आहे का ते नीट बघा; डब्याही नकली निघतात.

भारतात ठेवलेल्या नाण्याचा कायदा विसरणं

१९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांचं किंवा त्याहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेत ग्रेडिंगला पाठवायचा विचार असेल तर त्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. १९३२–३४ चे जहाज-डॉलर आजही या मर्यादेच्या अलीकडे आहेत.

मुंबईकरांनी एक नाणं वेगळं ओळखावं: १८९५ ते १९३५ दरम्यानचा ब्रिटिश व्यापारी डॉलर, २६.९५७ ग्रॅमचा, ९० टक्के चांदीचा. तो चीनमध्ये चालत असे, पण त्यातला मोठा वाटा मुंबई टांकसाळीत पडला. नाण्यावरच्या उभ्या स्त्रीच्या हातातल्या त्रिशूळाच्या मधल्या टोकावरचं इंग्रजी ‘बी’ भिंगातून पाहा. १९३५ चा बहुतांश साठा वितळवला गेला, त्यामुळे त्या सालाचं नाणं दिसलं तर आधी घनता, मग भिंग, आणि मगच पैसे.