कुंपण बदलताना उचल किती द्यावी?

घराभोवतीचं तारेचं कुंपण बदलायचं म्हटलं की लोक आधी जाळीचा भाव विचारत फिरतात. जाळीत काही अवघड नाही. चेनलिंक, म्हणजे चौकटी-चौकटीची विणलेली तारेची जाळी घ्या, 10 गेजची. दुकानदार 12 गेज पुढे करेल. आकडा वाढला की तार बारीक होते, आणि म्हशीने एकदा पाठ घासली की बारीक तार झोपलीच. शेजाऱ्याशी हद्दीचा वाद असेल तर आधी सरकारी मोजणी. लांबी स्वतः टेप धरून मोजा आणि तिघांकडून भाव घ्या.

काम माघ-फाल्गुनात काढा. दिवाळीच्या आगेमागे मजूर कापूस वेचायला जातात, आणि मे महिन्यात आपल्या काळ्या जमिनीत पहार शिरत नाही.

खरी मेख पैशात आहे. "अर्धे आधी द्यावेच लागतात," असं मला चार जाणत्यांनी सांगितलं आणि मी दिले, तेही आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठ दिवस आधी! गड्याने जुनी तार उपटली, खड्डे खणले आणि सणाला गावी गेला. रोज फोन केला की "भाऊ, सकाय येस," म्हणजे उद्या येतो. मृगाचा पाऊस पडला, खड्डे गाळाने भरले, आणि तोवर गल्लीतल्या शेळ्यांनी लिंबाची दोन्ही कलमं बुडापर्यंत कुरतडली. त्याचा राग येत नाही आता. पैसे हातात पडले तेव्हाच माझं काम त्याच्या लेखी जुनं झालं होतं.

तेव्हापासून माल मी आणतो आणि मजुरी रनिंग फुटावर, म्हणजे कुंपणाच्या लांबीच्या दर फुटामागे, उक्ती ठरवतो. रोजावर कधीच नाही. पाच दिवसांचं काम आठ दिवस चालतं. उचल दहा टक्के, त्यावर एक रुपया नाही. पोल उभे राहून काँक्रीट भरलं की चाळीस, जाळी ताणून झाली की आणखी चाळीस, उरलेले दहा राडारोडा उचलल्यावर. सणाच्या तोंडावर जास्तीची उचल मागितली तर चहा पाजा, पैसे देऊ नका.

दुसरा हप्ता देण्याआधी तिथे उभं राहावंच लागतं. काँक्रीट पडण्याआधी प्रत्येक खड्ड्यात टेप सोडा, दोन फूट भरला पाहिजे. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि दीड फुटावरचा पोल दोन वर्षांत दातासारखा हलायला लागतो. कोपऱ्याच्या पोलला दोन्ही बाजूंनी तिरपे टेके हवेतच, नाहीतर जाळीच्या ताणाने तो आत झुकतो. काँक्रीटवर सात दिवस पाणी मारा, मगच जाळी ताणू द्या. "उद्या ताणून देतो" म्हणणाऱ्याला घाई हप्त्याची असते.

पोलसाठी लोखंडी अँगल (एल आकाराची पट्टी) घेताना एक पोल काट्यावर ठेवा. 40 बाय 40, पाच एमएमचा अँगल मीटरला तीन किलो भरतो, म्हणजे सात फुटी पोल साधारण 6.4 किलो. पाच किलो भरला तर गाडी परत पाठवा.

हे सगळं वहीच्या एका पानावर लिहून दोघांनी सह्या करा, आणि त्यातच दोन ओळी अशाही टाका: जुने काँक्रीटचे खुंट उपटण्याचे पैसे मजुरीतच धरले आहेत, आणि निघालेलं भंगार मालकाचं. माझं भंगार पहिल्याच दिवशी त्याच्या टेम्पोत चढलं होतं.