लिंग्विस्टिक्समध्ये मास्टर्स करायचंय? अ‍ॅडमिशनची तयारी अशी करा

आधी एक गैरसमज काढून टाका, भाषाविज्ञानाच्या मास्टर्सला पाच-सहा भाषा बोलता यायलाच हव्यात असं अजिबात नसतं. एकाच भाषेकडे बारकाईने बघता येतं का, एखादा नियम इथे लागू होतो मग तिथे का नाही असं विचारायची सवय आहे का, हे डिपार्टमेंटला बघायचं असतं.

परदेशातल्या युनिव्हर्सिट्यांच्या अटींचं म्हणाल तर बॅचलर डिग्री लागतेच. विषय लिंग्विस्टिक्सच हवा असं बऱ्याच ठिकाणी नसतं, साहित्य, मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, कॉम्प्युटर, गणित अशा विषयांतली मुलं पण येतात, फक्त काही ठिकाणी स्वनविज्ञान (उच्चारांचा अभ्यास), वाक्यविचार (वाक्यरचनेचा), अर्थविचार (अर्थाचा) असे बेसिक कोर्स आधी झालेले मागतात किंवा आल्यावर जादाचे करायला लावतात. तीन वर्षांची डिग्री असेल तर ती चालते का हे अर्ज करायच्या आधीच ईमेल करून विचारून घ्या, कारण चार वर्षांचीच मागणाऱ्या युनिव्हर्सिट्या आहेत. इंग्रजीतून शिकायचं तर आयईएलटीएस किंवा टोफेल ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, दोन्हीचे स्कोअर २ वर्षं चालतात, आयईएलटीएसला साधारण ६.५ ते ७ मागतात. जीआरई ही प्रवेशासाठीची परीक्षा आता खूप डिपार्टमेंटनी बंद केलीये, त्यामुळे साइटवर बघितल्याशिवाय फी भरू नका.

कोर्स निवडताना नाव एकच असलं तरी मामला वेगळा असतो. ब्रिटनमध्ये मास्टर्स बहुतेक १ वर्षाचं, युरोपात बऱ्याच ठिकाणी २ वर्षांचं म्हणजे १२० ईसीटीएस (युरोपातली क्रेडिट मोजायची पद्धत) क्रेडिट्सचं, आणि अमेरिकेत तर अनेक डिपार्टमेंट बॅचलरनंतर थेट पीएचडीलाच घेतात, तिथे नुसतं एमए शोधावं लागतं. कॉम्प्युटेशनलकडे म्हणजे कॉम्प्युटरने भाषा हाताळण्याच्या शाखेकडे जायचं असेल तर पायथन आणि थोडं स्टॅटिस्टिक्स आधीच शिकून ठेवा. आणि स्पीच थेरपिस्ट व्हायचं असेल तर प्लीज नीट वाचा, तो कोर्स वेगळा असतो, लिंग्विस्टिक्सच्या एमएवर प्रॅक्टिसचं लायसन्स मिळत नाही.

आता खरी मेहनत कुठे आहे तर एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारं निवेदन) आणि रायटिंग सॅम्पल (तुमच्या लिखाणाचा नमुना) यांमध्ये. "मला लहानपणापासून भाषांची आवड आहे" हे वाक्य प्रत्येकाच्या एसओपीत असतं, ते काढा आणि त्या जागी एक खरा प्रश्न लिहा. आपल्या मराठीतच बघा ना, "ती चिठ्ठी फाडते" इथे क्रियापद कर्त्याप्रमाणे, पण "त्याने चिठ्ठी फाडली", "त्याने कागद फाडला" इथे कर्माप्रमाणे बदलतं, आणि त्यातही "त्याने" ला "ने" लागतो पण "मी चिठ्ठी फाडली" मध्ये "मी" ला काहीच लागत नाही, तरी क्रियापद चिठ्ठीकडेच बघतं! कर्माला "ला" लावलं की "त्याने मुलीला बोलावलं", म्हणजे आता ते मुलीकडेही बघत नाही. ह्याला विभक्त कर्तृकारकता म्हणजे स्प्लिट अर्गेटिव्हिटी म्हणतात आणि यावर भरपूर लिहिलं गेलंय, पण तुमच्या घरच्या बोलीत हे कसं होतं याची पन्नासेक वाक्यं गोळा करून, ग्लॉस म्हणजे शब्दाच्या प्रत्येक भागाखाली त्याचा अर्थ देऊन, कुठला पॅटर्न दिसतो आणि कुठली वाक्यं त्यात बसत नाहीत हे दहा पानात मांडलं तर ते फार चांगलं सॅम्पल होतं. न बसणारी वाक्यं लपवू नका, वाचणाऱ्याला त्यातच जास्त रस असतो. आणि शेवटी त्या डिपार्टमेंटमध्ये या विषयावर कोण काम करतंय ते त्यांचे एक-दोन पेपर खरंच वाचून लिहा.

ज्यांचं बॅकग्राउंड वेगळं आहे त्यांनी आयपीए म्हणजे आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी शिकून घ्या आणि प्रात (Praat) हे आवाज तपासायचं सॉफ्टवेअर उतरवून स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून "प" आणि "फ" मधला फरक स्पेक्ट्रोग्रामवर म्हणजे आवाजाच्या आलेखावर बघा, फुकट आहे, आणि एसओपीत सांगायला काहीतरी हातात येतं.

शिफारसपत्रं दोन-तीन लागतात. मोठ्या हुद्द्याच्या माणसापेक्षा ज्या सरांनी किंवा मॅडमनी तुमचं लिखाण वाचलंय त्यांच्याकडून घ्या, निदान महिनाभर आधी सांगा आणि सोबत एसओपीचा ड्राफ्ट आणि मार्कशीट पाठवा म्हणजे त्यांना नेमकं लिहिता येतं. अमेरिकेतल्या अर्जाच्या तारखा बहुतेक डिसेंबर-जानेवारीत संपतात. स्कॉलरशिपची तारीख मात्र अनेकदा अ‍ॅडमिशनच्या तारखेच्या आधीच असते, म्हणून कॅलेंडरवर आधी तीच टाका आणि मग बाकीचं मागे मोजत या.