मोबाइलवरच्या पालकत्व कार्यक्रमाची चाचणी कशी आखावी

‘पेरेंटटेक्स्ट’सारखा, चॅटवर छोटे धडे पाठवणारा कार्यक्रम मुलांशी खेळणं वाढवतो का, घरातली मारहाण कमी करतो का, हे तपासताना गट घरागणिक पाडू नका, अंगणवाडीगणिक पाडा. एका आळीतल्या आया संदेश एकमेकींना पाठवतातच. मग तुलनेच्या गटालाही धडे मिळतात आणि फरक पुसला जातो.

अशा चाचणीला माणसं जास्त लागतात. दर अंगणवाडीत 20 पालक आणि गटांतर्गत साम्य (एकाच अंगणवाडीतल्या पालकांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप) 0.05 धरलं, तर 1 + 19 × 0.05 = 1.95, म्हणजे इतकी पट माणसं. साध्या चाचणीला 400 पुरत असतील, तर इथे 780. गळती वेगळी, रिचार्ज संपला की पालक गायब होतात.

“मुलाला मारता का?” असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर “छे!” मुलांवरच्या अत्याचाराची माहिती घेणाऱ्या ‘आयकास्ट’ प्रश्नावलीसारखी नेमकी कृती विचारा: “गेल्या महिन्यात किती वेळा चापट मारली?” खेळाचंही तसंच: “काल काय खेळलात, किती मिनिटं?”

सर्वांत जास्त जपायचं ते बाईला. फोन बहुधा सामाईक असतो. बंद पडद्यावरही संदेश उमटतो. म्हणून नवऱ्याच्या हिंसेबद्दल चॅटवर चकार शब्द नको. हे प्रश्न घरातल्या एकाच बाईला, एकांतात, प्रशिक्षित बाईनेच विचारायचे. सासूबाई आत आल्या तर लगेच वळायला मुलाच्या खाण्यापिण्याचे चार प्रश्न हाताशी ठेवा. 1098 (मुलांसाठी) आणि 181 (महिलांसाठी) हे मदतीचे क्रमांक तोंडी सांगा. चिठ्ठी घरात सापडू शकते.