पेशंटला पाठीचा पट्टा कोणता द्यायचा, हे ठरवताना

मी नौपाड्यात फिजिओथेरपी करते आणि मेडिकलमधून स्वतःच बेल्ट उचलून लावलेला पेशंट आठवड्याला एक तरी येतोच, कशासाठी घेतला विचारलं की उत्तर एकच, "पाठ दुखते ना". पण पट्टा दुखण्यावर ठरत नाही, निदानावर ठरतो, त्यामुळे आधी एक्स-रे आणि वय बघा, पट्ट्याकडून नेमकं कुठलं काम हवंय ते बघा, साइज आणि कंपनी नंतर.

साध्या कंबरदुखीला एलएस बेल्टचा, म्हणजे कंबरेच्या पट्ट्याचा, उपयोग होतो याचा पुरावा फार कमजोर आहे. ब्रिटनच्या नाइस संस्थेची 2016 ची गाइडलाइन तर बेल्ट देऊच नका म्हणते. कल्याणहून उभ्याने लोकलने येणाऱ्याला तेवढ्यापुरता आधार वाटत असेल तर मी अडवत नाही, पण व्यायाम सोडून बेल्ट नाही. आणि पायातली ताकद जात असेल, लघवीवरचा कंट्रोल सुटला असेल तर पट्टा बाजूला ठेवा आणि लगेच हॉस्पिटल.

आजी बाथरूममध्ये पडल्या आणि मणका दबला, ही केस वेगळी. हाडं ठिसूळ झाल्यामुळे दबलेल्या मणक्यांवर 2014 मध्ये एक ट्रायल आली, कडक ब्रेस, मऊ ब्रेस आणि काहीच नाही असे तीन गट, आणि 12 आठवड्यांनी रोजची कामं करण्यात तिघांत खास फरक नव्हता. म्हणून आजींना श्वास कोंडणारा कडक ब्रेस जबरदस्तीने घालू नका, त्यांना तो सोसत नाही आणि मग त्या अंथरुणातून उठतच नाहीत, ते जास्त वाईट. मणक्याचा फक्त पुढचा भाग दबला असेल तर पुढे वाकणं रोखायला एएसएच ब्रेस (पाठ मागे ताणून धरणारी चौकट) असतो, मणक्याच्या टीबीत एकेटीच्या, म्हणजे टीबीच्याच, गोळ्यांसोबत बऱ्याचदा टेलर ब्रेस (पाठीला पट्ट्यांचा आधार देणारा लांब ब्रेस) देतात, पण फ्रॅक्चर स्टेबल आहे की नाही हे सर्जनलाच ठरवू दे.

पुरावा खरा भक्कम आहे तो वाढत्या वयातल्या स्कोलिओसिसला, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वाकतो त्याला. वय 10 ते 15, कॉब अँगल (एक्स-रेवर मोजलेला बाक) 20 ते 40 डिग्री, रिसर 0 ते 2 म्हणजे हाडांची वाढ अजून बाकी, अशा मुलांवर अमेरिका-कॅनडात ब्रेस्ट (BrAIST) नावाची ट्रायल झाली, 2013 मध्ये छापून आली. ब्रेस घातलेल्यांपैकी 72 टक्के मुलांचा बाक वाढ थांबेपर्यंत 50 डिग्रीच्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत 48 टक्के. रोज घालायला सांगितलेले तास 18 होते, पण सेन्सरने मोजलं तर जी मुलं रोज सरासरी 13 तासांच्या आसपास किंवा जास्त घालत होती त्यांच्यात यश 90 टक्क्यांच्या वर गेलं! आईवडिलांना हेही आधीच सांगा की ब्रेस बाक सरळ करायला नाही, वाढू नये म्हणून आहे, नाहीतर सहा महिन्यांनी "काहीच फरक नाही" म्हणून काढून ठेवतात आणि मला खरंच फार वाईट वाटतं.

इथे रेडिमेड चालत नाही, मापाचा कडक टीएलएसओ (छातीपासून कमरेपर्यंतचा ब्रेस) लागतो, ऑर्थोटिस्टकडूनच (ब्रेस बनवणाऱ्या तज्ज्ञाकडूनच) करून घ्या, हाजी अलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेतही हे काम होतं. ब्रेस घालून एक्स-रे काढायला लावा, त्यात बाक कमी दिसलाच पाहिजे, नसेल तर पॅड बदलून घ्या. ऐरोलीची एक मुलगी माझ्याकडे यायची, मे महिन्यातल्या घामाने कमरेला पुरळ यायचं, तिला बिनशिवणीचा सुती बनियन आतून घालायला आणि दोन तासांनी बदलायला सांगितलं. ब्रेस काढल्यावर लाल झालेली जागा अर्ध्या तासात गेली नाही तर घरी थांबू नका, त्याच दिवशी ऑर्थोटिस्टला दाखवा.