एकाच नावाच्या दोन माणसांचा गुंता

आमच्या वंशावळीत पणजोबांच्या विवाहनोंदीतील आणि मृत्युनोंदीतील वयांवरून निघणाऱ्या जन्मवर्षांत बारा वर्षांचे अंतर पडत होते, आणि ही तफावत सुटेपर्यंत मागच्या पिढीकडे वळण्यात अर्थ नव्हता. स्कॉटलंडमधील स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठ वंशशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षणही ऑनलाइन देते. मला मात्र पुराव्याची पारख शिकवणारा प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रम पुरेसा वाटला.

त्यातील सर्वांत उपयोगी धडा असा, की एकाच कागदावरील प्रत्येक माहितीची विश्वासार्हता वेगवेगळी असते. मृत्युनोंदीतील मृत्यूची तारीख सहसा भरवशाची असते, पण वय सांगणारा नातेवाईक त्या जन्माचा साक्षीदार क्वचितच असतो, त्यामुळे ते ऐकीवच धरावे लागते. त्यानुसार मी प्रत्येक नोंदीपुढे माहिती देणारा कोण, ती केव्हा दिली, मूळ कागद पाहिला की नक्कल, असे रकाने आखले आणि सर्व नोंदी कालक्रमाने लावल्या. (कंटाळवाणे काम आहे, पण त्याला पर्याय नाही.)

तेव्हा दिसले, की विवाहनोंदीतील गृहस्थांचा व्यवसाय व वडिलांचे नाव निराळे होते, आणि आमच्या पणजोबांच्या मृत्यूनंतरच्या एका दस्तावर या गृहस्थांची सही होती. माणसे दोन होती.

आनेनटाफेल या पूर्वजांना क्रमांक देण्याच्या पद्धतीत स्वतःला १, वडिलांना २, आईला ३ असे क्रमांक देतात, म्हणजे प्रत्येकाच्या वडिलांचा क्रमांक त्याच्या दुप्पट येतो. त्यानुसार वडिलांकडील पणजोबा ८ ठरतात. त्या ८ क्रमांकाखालून विवाहनोंद काढून, कारणासह, मी ती स्वतंत्र व्यक्तीच्या नावे ठेवली.