कुत्र्यांचे गुडघे तपासायला शिकताना: नवीन व्हेट्ससाठी माझा अनुभव

ऑर्थोची पोस्टिंग लागली की सगळे आधी ड्रॉवर टेस्ट (मांडीचं हाड धरून नडगी पुढे सरकते का बघायचं) पाठ करतात, मीपण केली होती, आणि पहिल्याच महिन्यात चुकलो. एक लॅब्राडॉर, मागचा पाय जरा जपून टेकवायची. मी पाय सरळ ठेवून टेस्ट केली, नडगी पुढे सरकली नाही, मग मुरगळला असेल म्हणून पेनकिलर देऊन घरी पाठवली. तीन आठवड्यांनी ती पाय उचलूनच आली. सिनियर मॅडमनी माझं बोट तिच्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला ठेवलं, तिथे लाकडासारखी कडक सूज होती. ही एका दिवसात येत नाही. मी पहिल्यांदा तिथे हातच फिरवला नव्हता, अजून वाईट वाटतं.

तिचं पुढचं क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे नडगीला पुढे घसरू न देणारा गुडघ्यातला दोर, तुटत आला होता. तर समजून घ्या, या लिगामेंटचे दोन पट्टे असतात. पुढचा-आतला आधी तुटतो, आणि दुसरा पाय सरळ असताना ताणलेला असल्यामुळे हाड धरून ठेवतो, गुडघा वाकवला की तो सैल पडतो आणि मग नडगी सरकते. म्हणून टेस्ट दोन्ही पोझिशनमध्ये करायची. मोठा कुत्रा अंग आखडून धरत असेल तर भूल देऊन करा, त्याशिवाय 'निगेटिव्ह' लिहू नका. पिल्लांमध्ये थोडी हालचाल नॉर्मलच असते, पण ती शेवटी टक्कन थांबते.

माणसात हे लिगामेंट बहुतेक वेळा खेळताना तुटतं, कुत्र्यात मात्र ते हळूहळू झिजत जातं. कुत्रा वाकलेल्या गुडघ्यावर उभा असतो आणि नडगीचा वरचा भाग मागे उतरता असतो, त्यामुळे प्रत्येक पावलाला नडगी पुढे घसरू बघते. यावरच्या टीपीएलओ नावाच्या सर्जरीत नडगीचं हाड गोल कापून फिरवतात आणि तो उतार साधारण 5 अंशांवर आणतात.

ब्रीड बघून डोकं आधीच तयार ठेवा. लॅब, रॉटवायलर, न्यूफाउंडलंड आले की लिगामेंट आधी. पॉमेरेनियन, यॉर्की चालताना मध्येच एक पाऊल उडी मारल्यासारखं टाकत असेल तर आधी गुडघ्याची वाटी बघा, ती आतल्या बाजूला सरकत असते. पण वाटी सापडली म्हणून थांबू नका, छोट्या कुत्र्यांत दोन्ही एकत्र असू शकतं. ग्रेहाउंडमध्ये हे लिगामेंट क्वचितच तुटतं.

आणि दुसरा गुडघा त्याच दिवशी तपासा, एक बाजू गेली की साधारण निम्म्या कुत्र्यांची दुसरीही जाते. ती लॅब वर्षभराने परत आली, वेटिंगमध्ये डावा पाय बाजूला काढून बसली होती. मी तिथेच खाली बसलो आणि आधी आतल्या बाजूला बोट ठेवलं.